तोंडातले खिळे

१० फेब्रुवारी
दुकानातून, दुपारच्या सुट्टीत

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. इथवर आईने सांगितलं तसं लिहिलं. आता माझं मी लिहिते.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. तू दरवर्षी आईच्या नावाने एक कार्ड टाकतोस, त्याच्यामागचा पत्ता मी उतरवून घेतला. पत्राचं कारण असं की एका डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला आणि बाबांनी त्याचं उत्तर चक्क खोटं दिलं. पण ते ओघाने येईलच.

आधी बातमी. चौकातलं जुनं थिएटर आठवतं ना? ज्याच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा लोकांच्या पँटी फाडायच्या? ते पुन्हा उघडतंय. नव्या मालकीणबाईंना खुर्च्या त्याच हव्यात, फक्त माणसाला बसता येईल अशा. खालच्या मजल्याचं सगळं काम त्या आपल्या दुकानाला द्यायला तयार आहेत. बाबा मात्र हो म्हणत नाहीत. गुडघे धरलेत त्यांचे, आणि दुकानात खिळे ठोकणारे हात आता दोनच, तेही त्यांचेच. परवा आईला म्हणाले, "दुसरा कारागीर मिळाला तर काम घेऊ. नाहीतर या उन्हाळ्यानंतर शटर खाली." मी तिथेच बसून कापड कापत होते. म्हणजे मी दुसरा कारागीर नाही, हे तुला कळलं असेल.

मला कोचाची पाठ ताणता येते, काथ्या भरता येतो, स्प्रिंगा बांधता येतात. पण आपल्या धंद्यात डावा हात कापड ताणून धरतो, उजव्यात हातोडी, आणि खिळे धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही. म्हणून ते तोंडात. जिभेने खिळा फिरवायचा, त्याचं डोकं बाहेर काढायचं, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा, ठक्. "तोंडात खिळे धरील तो कारागीर," हे तू माझ्याआधी कितीदा तरी ऐकलं असशील. मीही धरायचे. गेल्या वर्षी एक जुनी आरामखुर्ची करत होते आणि शिंक आली. एक खिळा गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर टणकन आपटला, एक कॅलेंडरवर, आणि एक माझ्या घशाकडे निघाला होता. बाबांनी पाठीत असा गुद्दा घातला की तो बाहेर येऊन पडला. गिऱ्हाईक हसत सुटलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून खिळ्यांचा डबा काढून घेतला.

तर काल आईने मला धरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दारापर्यंत येतो म्हणून निघालेले बाबा आत येऊन बसले. बाईंनी माझ्या हातावर वेगवेगळे थेंब टाकून सुईने टोचलं, आणि त्यातलं एक टोचलेलं टुम्म फुगलं. म्हणाल्या, धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे. गादी, उशी आणि जुना कोच हे त्यांचं गाव. म्हणजे मी रोज त्यांच्या गावात शिरून त्यांचीच घरं फाडते, आणि वर तक्रार करते!

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

बाबा म्हणाले, "छे! असली नाकं आमच्या घरात नाहीत." आणि भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत बसले.

काका, तू मागच्या दारी जाऊन तोंडावर टॉवेल दाबून शिंकायचास. मी कोचाच्या रिकाम्या सांगाड्यात बसून बघायचे. तू ओठांवर बोट ठेवून म्हणायचास, "टाचणी, दादाला सांगू नकोस हं." मी नाही सांगितलं. तुमचं भांडण झालं त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. फक्त इतकं कळव, जुना कोच उघडला की तुला शिंका यायच्या ना? आणि इथून जाऊन काचेच्या दुकानात कामाला लागल्यावर त्या थांबल्या का?

तुझी हातोडी अजून भिंतीवर आहे. बाबा दर रविवारी हत्यारांना तेल लावतात, तिलाही लावतात. मी आपलं कळवलं.

उत्तराची वाट बघणारी
तुझी टाचणी


४ मार्च

प्रिय काका,

नमस्कार. पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की तार? "हो, यायच्या. काचेच्या दुकानात एकदाही नाही. दादाला सांगू नकोस." एवढ्यासाठी अख्खं पाकीट वाया घालवलंस!

मी दादाला सांगितलं नाही. मी आईला दाखवलं, आणि आईने ते जेवताना मोठ्याने वाचलं. बाबांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." आई म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

आता माझा पराक्रम ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला रोज घ्यायची गोळी आणि नाकात मारायचा फवारा दिला होता. कधी, किती, कसा हे सगळं समजावलं होतं, पण मी पडले अतिशहाणी. फवारा रोज कशाला मारायचा? शिंक आली की मारू, आग लागल्यावर बंब बोलावतात तसा. आणि गोळीचं म्हणशील तर आईच्या कपाटात सर्दीची एक जुनी गोळी होती. औषधवाला म्हणाला, हीसुद्धा ॲलर्जीवरच चालते. मग घरात आहे ती आधी संपवू, नवी कशाला फोडा?

पहिल्याच दिवशी मोठ्या कोचाचं खालचं कापड काढून, आत डोकं घालून स्प्रिंगांखालचे पट्टे बघत होते. आत अंधार, ऊब, काथ्याचा वास. मला झोप कधी लागली कळलंच नाही. तेवढ्यात कोच बघायला एक नवरा-बायको आले आणि वर बसले. बायको म्हणाली, "अहो, हा घोरतोय." नवरा म्हणाला, "मी कुठे?" ती म्हणाली, "तुम्ही नाही हो, कोच!" दोघं ताडकन उठले. बाबांनी माझा पाय धरून मला बाहेर ओढलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद आणि शिंका पुन्हा सुरू. फवारा मारून मारून नाक ओलं झालं, शिंका जिथल्या तिथे. मी बाटली ड्रॉवरमध्ये फेकून दिली आणि डॉक्टरीणबाईंशी भांडायलाच गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसल्या. मग स्वतःच्या स्टुलावरून उठल्या. काय सांगू तुला, स्टुलाची बैठक एका बाजूने उसवलेली आणि आतला कापूस बाहेर लोंबतोय. माझे हात नुसते शिवशिवायला लागले.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या नाकात, डोळ्यांत, कातडीत अशा इवल्या इवल्या उशा आहेत. आम्ही त्यांना मास्ट पेशी म्हणतो. आत गच्च भरलंय हिस्टामिन नावाचं रसायन. तुझ्या शरीराने कधीतरी या धुळीला वैरी ठरवलं आणि प्रत्येक उशीवर पहारेकरी बसवले. धूळ आली की पहारेकरी ओळखतात, आणि उशी फुटते. फट्!"

"आणि भरण बाहेर," मी म्हटलं.

"भरण बाहेर. ते कुठे जातं? नसांवर, रक्तवाहिन्यांवर त्याच्या ठरलेल्या खुर्च्या आहेत. तिथे जाऊन बसलं की खाज, शिंका, पाणी. मी दिलेली गोळी काय करते? त्या खुर्च्यांवर आधीच जाऊन बसते. हिस्टामिन येतं आणि बघतं तर जागा नाही!"

"हाऊसफुल्ल!"

"अगदी. आईच्या कपाटातली गोळी पण तेच करते. पण ती नाकापाशी थांबत नाही, मेंदूत शिरते आणि तिथल्याही खुर्च्या अडवते. मेंदूतलं हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. त्याला बसू दिलं नाहीस, म्हणून कोच घोरला. नवी गोळी मेंदूच्या वाटेला फारशी जात नाही."

"आणि फवारा?"

"फवारा खुर्च्यांच्या भानगडीत पडत नाही. तो उशी फुटूच देत नाही, शिवण पक्की करतो. पण फुटलेली उशी त्याला शिवता येत नाही. म्हणून तो शिंकेच्या आधी, रोज, न चुकता, दिवसातून तीन-चार वेळा. पूर्ण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तू काय केलंस?"

काय केलं होतं ते मला कळलं आणि लाजेने कान तापले. खोलीभर कापूस उडाल्यावर मी रिकाम्या उशीला टाके घालत होते! मी, जी रोज नव्या गिऱ्हाइकाला सांगते की बाई, शिवण सुटायला लागली की लगेच आणा, फाटल्यावर आणू नका.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. कोच फोडताना मास्क लावायचा आणि आधी झाडूऐवजी मशीनने धूळ ओढून घ्यायची. आणि तोंडात खिळे धरायचेच नाहीत. पहिल्या गोष्टीला मी हो म्हटलं. दुसरीला म्हटलं, "ते सोडून बोला." निघताना त्यांचं स्टूल उचलून दुकानात आणलं.

त्या दिवसापासून गोळी नेमाने आणि फवारा नेमाने. बाबा दुपारी घड्याळाकडे बघून खाकरतात, म्हणजे फवाऱ्याची वेळ झाली. महिनाअखेरीला मालकीणबाई दुकानात येणार आहेत. थिएटरमधली एक खुर्ची त्यांच्यासमोर फोडायची, भरायची आणि ठोकून दाखवायची. बाबांनी सांगितलंय, "हिने केलं तर काम घेतो. नाहीतर त्यांनाही नाही सांगतो आणि दुकानालाही." काका, मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

एक लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच. भांडणाच्या दिवशी मी सांगाड्यातच बसले होते. तू शिंकलास आणि तुझ्या हातून मखमल फाटली. दुकानात माणसं होती. बाबा त्यांना म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. आमच्या भावाला ठोकता येईना, नाक वाकडं!" सगळे हसले. तू हातोडी भिंतीवर अडकवलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि गेलास. मी तेव्हा लहान होते, पण मला वाटलं होतं, कुणीतरी उठून सांगावं की याला खरंच शिंका येतात.

आता सांगणारं कुणीतरी आहे. डॉक्टरीणबाईंच्या स्टुलाला मी निळं रेक्झिन लावतेय.

तुझी
टाचणी


१९ मे
दुकानातून

प्रिय काका,

नमस्कार, आणि जमलं! जमलं रे काका, जमलं!

लिहायला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हात रिकामे नव्हते, आणि तोंडही नव्हतं.

ती खुर्ची आली तेव्हा दोघा हमालांनी तिला आत आणलं, आणि मालकीणबाई चार पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. इतकी धूळ! आपल्या जन्माआधीपासूनच्या प्रेक्षकांनी तिच्यात काय काय सोडलं होतं देव जाणे. आतून शेंगांची टरफलं निघाली, एक केसांचा चाप निघाला, तिकिटांचे तुकडे निघाले. शेजारचा चावीवाला दारात येऊन उभा राहिला. आई आतल्या दाराशी. बाबा माझ्या अगदी मागे, आणि त्यांच्या हातात टॉवेल. पाठीत गुद्दा घालायच्या तयारीतच उभे होते म्हण ना.

मास्क लावून फोडलं, मशीनने धूळ ओढली, पट्टे बदलले, स्प्रिंगा बांधल्या, काथ्या बसवला. इथपर्यंत मी नेहमीच करते. मग कापड ताणलं. मास्क खाली ओढला. उन्हाच्या पट्ट्यात धूळ अजून तरंगत होती, मला दिसत होती. गेल्या वर्षी याच्या निम्म्या धुळीत माझं नाक पेटलं होतं. मी बाबांच्या डब्यातून मूठभर खिळे घेतले आणि तोंडात टाकले.

बाबा म्हणाले, "थोडे घे गं."

खिळे तोंडात असताना उत्तर देता येत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा आहे. ठक्. जीभ, चुंबक, ठक्. एक बाजू झाली. कोपऱ्याच्या घड्या घातल्या. दुसरी बाजू. मधेच नाकाच्या शेंड्याला किंचित हुळहुळलं आणि मी थांबले. सगळं दुकान थांबलं. चावीवाल्याने स्वतःचंच नाक धरलं. काका, मी वाट बघितली, आणि काही आलं नाही! उशा शिवलेल्या होत्या आणि खुर्च्या भरलेल्या होत्या. हुळहुळणं आलं तसं गेलं, बसायला जागाच मिळाली नाही त्याला. मी पुढचा खिळा फिरवला आणि ठोकला, आणि मग शेवटपर्यंत थांबले नाही.

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. एकदा उठल्या, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या अशाच हव्यात."

आई रडली. चावीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी उरलेले खिळे तळहातावर थुंकले आणि बाबांकडे वळले. मला वाटलं होतं शाबासकी देतील, निदान खाकरतील तरी. ते टॉवेल हातात धरून भिंतीकडे, तुझ्या हातोडीकडे बघत होते.

"म्हणजे त्याचंही खरंच होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "होय बाबा."

"त्यालाही औषध मिळालं असतं."

"होय."

"आणि मी त्याला म्हण ऐकवली."

ते स्टुलावर बसले. नंतर कितीतरी वेळ त्याच टॉवेलने चष्मा पुसत राहिले. काका, इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच डॉक्टरीणबाईंकडे गेले, निळं स्टूल पोचवायचं निमित्त करून. बाईंनी मला नंतर सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, घरात आणखी कुणाला. मी चुकीचं सांगितलं. माझ्या धाकट्या भावाला आहे. कागदावर लिहून घ्या."

मग आम्ही कामाला लागलो. बाबा उंच टेबलावर पाठी करायचे, मी खाली बैठकी. आमच्या दोन हातोड्या चालल्या की चावीवाला म्हणायचा, तुमच्याकडे सनई राहिली, बाकी वाजंत्री पूर्ण आहे. शिंका अगदीच गेल्या असं नाही. मास्क विसरले तर एखादी येते, आणि बाई म्हणतात तेवढं चालायचंच. पण आली तरी एकटी येते, आपलं वऱ्हाड घेऊन येत नाही.

गेल्या शनिवारी थिएटर उघडलं. आम्हाला मधल्या रांगेत बसवलं होतं. सिनेमा कसा होता विचारू नकोस, मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी माणसं बसताना बघत होते. जाडी माणसं, म्हातारी माणसं, मांडीवर पोर घेतलेल्या बाया. कुणी बसताना "आई गं" म्हटलं नाही. एक आजोबा बसले आणि नुसते "हां" म्हणाले. ती खुर्ची माझी होती! दिवे गेले तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि अंधारात बाबांनी माझा हात धरला. हातोडी धरून माझ्या तळव्याला घट्टे पडलेत, ते चाचपून बघितले आणि म्हणाले, "कारागीर."

मी ढसाढसा रडले. पडद्यावर तेव्हा विनोदी प्रसंग चालला होता.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. मालकीणबाईंनी बाल्कनीच्या खुर्च्याही आपल्याला दिल्यात. बाल्कनीच्या खुर्च्यांना मखमली पाठीवर बटणं आहेत, खोल दाबून बसवायची. ते काम आमच्या दोघांत कुणाला जमत नाही. बाबा स्वतः म्हणाले, "बटणांचा हात एकाचाच होता." मालकीणबाईंनी विचारलं, कधी सुरू करता? बाबांनी सांगितलं, "एका महिन्याने." मी म्हटलं, बाबा, कापड आलंय, सांगाडे आलेत, एक महिना कशाला? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच जणू अडाणी. म्हणाले, "फवाऱ्याला चार आठवडे लागतात ना?"

सोबतचं पार्सल बाबांनी शिवलंय. तागाचं कापड, आतून टाका, बाहेर एक दोरा दिसणार नाही. पोस्टातल्या माणसाला उघडायला तोंड सापडणार नाही. तुला सापडेल, तूच त्यांचा भाऊ. आत तुझी हातोडी आहे, तेल लावलेली. आणि एक फवारा. तो बाबा स्वतः औषधवाल्याकडे जाऊन, बाटलीवरचं नाव माझ्या बाटलीशी ताडून घेऊन आले. मी म्हटलं, काकाने आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. तर म्हणे, "नाक एकच आहे, दोनदा कशाला दाखवायचं?" त्यांचं ऐकू नकोस. आधी डॉक्टरांकडे जा, मगच बाटली उघड. पण जा लवकर. आग लागायची वाट बघू नकोस, माझ्यासारखी.

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच लिहा ना दोन ओळी. म्हणाले, "मला कुठे लिहिता येतं." पण आता मागे उभे आहेत आणि सारखं खाकरताहेत, म्हणजे पेन हवाय. देते.

तुझ्या हातोडीची खुंटी रिकामी ठेवून बसलेली,
तुझी टाचणी

*धाकट्या,*
*तुझं नाक वाकडं नव्हतं. मी बोललो ते वाकडं होतं, आणि चारचौघांत बोललो. आलास की चारचौघांतच परत घेईन, चावीवाल्याला बोलावून ठेवतो. बाल्कनीला हात लावलेला नाही. आधी फवारा, मग ये.*
*दादा*